पुन्हा वर्गात बसण्याची कुळकथा

राजापूर तालुका सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत पसरलेला. एका टोकाला पाचल-रायपाटण, दुसऱ्या टोकाला नाटे-जैतापूर, आणि मधे डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या. एखादं मूल ऐकू येत नाही म्हणून शाळेत मागे पडतं, एखादा माणूस अर्धांगवायूने ओटीवर खिळून राहतो, तेव्हा त्या वाडीवर पोचणारी माणसं मोजकीच असतात: गटसाधन केंद्राचे विशेष शिक्षक, एखाद्या संस्थेचा पुनर्वसन समुपदेशक, आशाताई. यांतल्या पहिल्या दोघांना केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीतलं आपलं नाव दर पाच वर्षांनी पुन्हा चालू करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी मधल्या काळात मान्यता असलेल्या प्रशिक्षणवर्गांना बसून पॉइंट जमवावे लागतात. या वर्गांचं पूर्ण नाव ‘कंटिन्युइंग रिहॅबिलिटेशन एज्युकेशन’. बोलताना सगळे सीआरई म्हणतात.

वरवर पाहता ही सरकारी कागदांची आणखी एक अट वाटते. पण दुसऱ्याला उभं करणाऱ्या माणसाने स्वतः पुन्हा पुन्हा वर्गात बसायचं, ही रीत ती नोंदवही ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नियमापेक्षा जुनी आहे. तिचं कूळ शोधत गेलं की वाट परळमधून जाते, आणि परळशी राजापूरचं नातं घरोब्याचं आहे.

त्याही आधी सुरुवात झाली ती युद्धाने. पहिल्या महायुद्धात मुंबई इलाख्यातून फौजेत जी माणसं गेली, त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा होता. त्यातली कित्येक हात किंवा पाय गमावून परतली. 1917 साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. 1922 मध्ये ते पुण्याजवळ खडकीला गेलं आणि आजही तिथे चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. या दोन संस्थांनी जखमी सैनिकाला हुन्नर दिला, नवा पाय दिला. मात्र शिकायचं ते सैनिकाने. त्याला शिकवणाऱ्याचं शिक्षण कुठे व्हावं, असा प्रश्न तेव्हा कोणी वेगळा काढलेला दिसत नाही.

तो प्रश्न काढला एका बाईने. एलिझाबेथ लंडी 1900 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या माउंट हॉली गावी क्वेकर घराण्यात जन्मल्या. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव, आणि फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. मुंबईत त्यांचा संसार होता, लहान मुलांच्या शिक्षणाचं कामही केलेलं होतं. अशी बाई चाळिशी उलटल्यावर उठते, फिलाडेल्फियाला जाते, आपल्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी बसून व्यवसायोपचाराचा अभ्यासक्रम पुरा करते आणि ते ज्ञान घेऊन परत येते. माझ्या मते या रीतीचा मूळपुरुष शोधायचा तर ही मूळस्त्रीच सापडते. नियम नव्हता, सक्ती नव्हती. हे काम येत नाही, ते आल्याशिवाय करू नये, आणि येत नसेल तर जिथे शिकवतात तिथे जावं, एवढीच समज होती.

1950 साली त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. देशातली अशी ती पहिलीच. केईएम 1926 पासून गिरणगावाच्या मधोमध उभं आहे. त्या काळी गिरण्यांत सर्वांत जास्त माणसं रत्नागिरी जिल्ह्यातली. गावाकडे भातशेती पोटापुरती नाही म्हणून मुंबईला आलेला आणि एका खोलीत दहाजणांबरोबर राहणारा राजापूरचा चाकरमानी यंत्रात हात सापडला की केईएममध्येच यायचा. व्यवसायोपचार हा शब्द आज आपल्याला कोरडा वाटतो. त्या वॉर्डात त्याचा अर्थ अगदी साधा होता. जखम भरली म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. त्याला पुन्हा डबा उघडता आला पाहिजे, सदऱ्याची बटणं लावता आली पाहिजेत, आणि जमलं तर कामावर जाता आलं पाहिजे. जुनं काम जमणार नसेल तर दुसरं कोणतं जमेल, हे त्याच्यासोबत बसून शोधायचं. पुढे पुनर्वसन समुपदेशक ज्याला आपलं काम म्हणू लागला, त्याचं बीज इथलंच.

शाळा काढून त्या थांबल्या नाहीत. 1952 मध्ये त्यांनी अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञांची संघटना उभी केली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक दहा देशांत भारताचं नाव होतं. 1960 पासून त्यांनी आशियातल्या पुनर्वसनाला वाहिलेलं नियतकालिक चालवलं. पदविका घेऊन बाहेर पडलेली मुलगी दूरच्या जिल्ह्यात एकटीच काम करत असेल, तर तिला नवं काही कळावं कसं? वर्षातून एकदा सगळ्यांनी जमायचं, आपल्या हाताखालच्या रुग्णांविषयी बोलायचं, चुकलं काय ते मांडायचं, आणि मधल्या महिन्यांत हे नियतकालिक वाचायचं. आजच्या सीआरईचं सगळं सामान इथे आहे, फक्त पॉइंट नाहीत. आणि मला वाटतं, त्या पहिल्या पिढीला पॉइंटांची गरजही नव्हती, कारण ती माणसं मूठभर होती आणि एकमेकांना नावानिशी ओळखत होती.

1955 साली हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली आणि डॉक्टर, उपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे कारागीर एका छताखाली आले. 1968 मध्ये कामगार खात्याने मुंबई आणि हैदराबाद इथे पहिली दोन व्यवसाय पुनर्वसन केंद्रं उघडली. अपंग माणसाची क्षमता तपासायची, त्याला काय आवडतं ते विचारायचं, कारखानदाराशी बोलायचं, नोकरी लागल्यावर ती टिकते का ते पाहायचं, अशी कामाची साखळी तिथे प्रथमच पगारी नोकरीच्या रूपात आली. अमेरिकेत हा पेशा थोडा आधी आकाराला आला होता. तिथे 1920 च्या कायद्याने युद्धाबाहेरच्या अपंगांनाही रोजगाराच्या पुनर्वसनाचा लाभ दिला, 1954 च्या कायद्याने विद्यापीठांना समुपदेशक घडवण्यासाठी पैसा दिला, आणि 1974 मध्ये पुनर्वसन समुपदेशकांना प्रमाणपत्र देणारं मंडळ स्थापन झालं. त्या मंडळाचं प्रमाणपत्र टिकवायचं तर पाच वर्षांत 100 तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. आपल्याकडच्या पाच वर्षांच्या नेमाशी त्याचं साम्य उघड आहे.

मात्र आपल्या कुळकथेत एक वळण असं आहे जे परळचंही नाही आणि अमेरिकेचंही नाही. 1985 साली केंद्र सरकारने जिल्हा पुनर्वसन केंद्रांची योजना आखली. देशभरात निवडक ठिकाणी ती सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातलं विरार होतं. या केंद्रांतल्या माणसांना तयार करण्यासाठी चार विभागीय प्रशिक्षण केंद्रं काढली, त्यांतलं एक मुंबईत. तज्ज्ञाने शहरात बसायचं आणि रुग्णाने एसटीचे धक्के खात त्याच्याकडे यायचं, हा क्रम या योजनेने उलटा केला. गावातल्याच शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला निवडून प्राथमिक प्रशिक्षण द्यायचं, त्यांनी घरोघर जायचं, अडेल तिथे जिल्ह्याच्या तज्ज्ञाला विचारायचं आणि ठरावीक काळाने पुन्हा शिकायला यायचं. इतका शहाणा विचार या क्षेत्रात त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही फारसा झाला नाही, असं माझं मत आहे. योजना देशभर पसरली नाही याची हळहळ वाटते. ती तशीच वाढली असती तर रायपाटणच्या वाडीवर जाणारी बाई त्याच वाडीतली असती.

त्यानंतरची हकीकत कायद्याची आहे, ती थोडक्यात सांगता येते. पुनर्वसनाचं शिक्षण देणाऱ्या संस्था वाढल्या, पण कोण काय शिकवतं याला धरबंध नव्हता. म्हणून 1986 मध्ये भारतीय पुनर्वास परिषद आधी नोंदणीकृत संस्था म्हणून निघाली. 1992 मध्ये संसदेने कायदा केला आणि 22 जून 1993 पासून परिषदेला कायद्याचं बळ आलं. नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. नोंद होणाऱ्या सोळा प्रकारच्या व्यावसायिकांत विशेष शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याबरोबर व्यवसाय समुपदेशक आणि पुनर्वसन समुपदेशक आहेत. ज्यांच्या खटपटीतून ही रीत आली ते व्यवसायोपचारतज्ज्ञ मात्र या वहीत नाहीत. देशपातळीवर त्यांची सोय 2021 च्या वेगळ्या कायद्याने झाली.

नोंदणीला मुदत आली आणि मुदतीबरोबर सीआरई आलं. पुन्हा शिकणं हा संघटनेतला स्नेहाचा भाग होता, तो नोकरीचा भाग झाला. यात काही गमावलं हे खरं. पण सक्तीची बाजूही समजून घ्यायला हवी. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते एकवीस केले. ऑटिझम, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, आम्लहल्ल्याने आलेली विद्रूपता, हे सगळं यादीत आलं. जो समुपदेशक 2000 साली शिकून बाहेर पडला त्याच्या पुस्तकात यातलं बरंचसं नव्हतंच. दुसरीकडे, ज्या पोलिओभोवती एका पिढीचं सगळं शिक्षण गुंफलेलं होतं तो देशातून गेला. शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. समोरचा माणूस बदलला की शिकवणाऱ्याला पुन्हा शिकण्यावाचून गत्यंतर नसतं.

आता राजापूरकडे पाहू. इथल्या समुपदेशकाला जे यायला हवं त्यातलं पुष्कळसं मुंबईच्या सभागृहात शिकवलं जात नाही. समजा, आंबे काढताना एक तिशीचा गडी झाडावरून पडला आणि कमरेखालची संवेदना गेली. कोकणात हे नवलाचं नाही. नोकरी शोधून देण्याचं पाठ्यपुस्तकातलं प्रकरण इथे निरुपयोगी, कारण जवळपास कारखाना नाही. बागेतच कोणतं काम बसून होतं ते पाहावं लागेल: आंब्याची प्रतवारी, पेट्या भरणं, काजू सोलणं, कलमं बांधणं, मुंबईच्या गिऱ्हाइकांचे फोन घेणं. घराला जोतं उंच आहे, अंगणापर्यंत चाकाची खुर्ची येत नाही, पायखाना आवाराच्या टोकाला आहे, पावसाळ्यात पायवाट निसरडी होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला कोण शिकवणार? त्याची आई सत्तरीची, भाऊ मुंबईला. पत्नीशी काही गोष्टी बोलाव्या लागतील ज्या गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्याला साठ-पासष्ट किलोमीटरवर रत्नागिरीला न्यायचं तर भाड्याची गाडी लागेल. मानसिक आजार असेल तर वाट पुन्हा रत्नागिरीचीच, 1886 पासून चालत आलेल्या मनोरुग्णालयाची. पण तिथून घरी परतल्यावर पुढे काय, याचं उत्तर वाडीतच काढावं लागतं.

कोरोनाच्या काळात बरेच सीआरई वर्ग ऑनलाइन झाले. रात्रीच्या गाडीचा प्रवास आणि मुंबईतल्या नातेवाइकाकडचा मुक्काम वाचला, ही मोठी सोय झाली. दूरच्या तालुक्यातल्या माणसासाठी ती राहिलीच पाहिजे. तरीही पडद्यावर पाहून माणसाला पलंगावरून खुर्चीत घेता येत नाही. त्यासाठी हात लागतो, वजन अंगावर घ्यावं लागतं.

म्हणून वर्षातून निदान एक वर्ग तालुक्यात भरावा. ओणीला किंवा पाचलला, पाऊस आणि गणपती सोडून, आंब्याचा हंगामही सोडून. शिकवायला एक उपचारतज्ज्ञ असावा, त्याच्या बरोबरीने गावातला सुतार असावा, कारण उताराची फळी किती लांब हवी आणि प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून शौचाची खुर्ची कशी करायची हे त्याच्याच हातचं काम. आशाताईंना बोलवावं. आणि दहा वर्षं चाकाच्या खुर्चीवर काढलेला तालुक्यातलाच एखादा माणूस फळ्यापाशी असावा, मानधन घेऊन, इतर व्याख्यात्यांइतकंच. त्या वर्गाला परिषदेची मान्यता असावी आणि तिथे बसलेल्यांना त्याचे पूर्ण पॉइंट मिळावेत.