चांद्रविजय आणि स्मृतीची साक्ष

गिरगावातील एका चाळीत आयुष्य घालविलेले आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध काका आहेत. माणूस चंद्रावर गेलाच नाही, ते सारे स्टुडिओतले नाटक होते, असे घरातला एखादा तरुण म्हणू लागला की, ते आरामखुर्चीत ताठ बसतात आणि ठामपणे सांगतात, ‘‘अरे, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे!’’ शेजाऱ्यांच्या खोलीतला टेलिव्हिजन, रात्रीची वेळ, पडद्यावर शिडीवरून उतरणारी धूसर आकृती आणि गॅलरीत येऊन वर पाहावे तो आकाशात तोच चंद्र, असे चित्र ते इतक्या तपशिलाने उभे करतात की ऐकणाऱ्याच्या मनात शंकेला जागा उरू नये.

परंतु दप्तर निराळेच सांगते. मुंबईत टेलिव्हिजनचे केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी; १९६९ साली आपल्या देशात ते दिल्लीपुरतेच होते, आणि परदेशातील चित्रे उपग्रहाद्वारे उतरवून घेणारे पुण्याजवळील आर्वीचे केंद्रही १९७० नंतरचे. नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रभूमीला लागले तेव्हा आपल्याकडे २१ जुलै, सोमवार, सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे झाली होती. पंचांग पाहावे तर पक्ष शुद्ध आणि अष्टमी यावयाची होती. म्हणजे आदल्या रात्रीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपासच मावळला होता आणि त्या सकाळी तो क्षितिजाखाली होता. काकांच्या हकीकतीतील टेलिव्हिजन, रात्र आणि चंद्र यांपैकी एकही गोष्ट तारखेशी मुकाबला करता टिकत नाही.

म्हणून काका असत्य बोलतात असे मुळीच नव्हे. त्यांनी ती वार्ता रेडिओवर ऐकली असेल, वृत्तपत्रांत वाचली असेल, पुढे कधीतरी तिची चित्रफीत पडद्यावर पाहिली असेल. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आर्मस्ट्राँग व त्यांचे दोघे सहकारी अंतराळवीर मुंबईस आले, तेव्हाचा कोलाहलही कानी पडला असेल. या विखुरलेल्या तुकड्यांना मनाने नकळत एका रात्रीच्या धाग्यात ओवले. स्मृती ही घटनेची नक्कल जपून ठेवीत नाही, तर प्रत्येक स्मरणाच्या वेळी ती घटना नव्याने रचते, हे इंग्लंडातील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रयोगांनिशी मांडले होते. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर यानाचा स्फोट झाला, तेव्हा उल्रिक नायसर व निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून, ही वार्ता तुम्हांस कोठे व कशी कळली, हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांतील ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. एकचतुर्थांश जणांची उत्तरे मुख्य मुद्द्यांवर सर्वस्वी चुकीची निघाली. आणि स्वतःच्या हस्ताक्षरातील जुना कागद समोर ठेवला तरी काहींना आपली आताची आठवणच खरी वाटत राहिली.

संशयवाद्यांचा इतिहासही येथेच येऊन मिळतो. रॉकेटची इंजिने बनविणाऱ्या कारखान्यात १९६३ पर्यंत लेखनाचे काम केलेल्या बिल केसिंग यांनी १९७६ साली, आपण चंद्रावर कधी गेलोच नाही, अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक स्वतः प्रसिद्ध केले. पुढे एका चित्रपटाने आणि २००१ साली एका अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्या कल्पनेला खतपाणी घातले. वारा नसता ध्वज फडकतो कसा, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ध्वजाच्या वरच्या कडेत घातलेल्या आडव्या दांडीत आहे. आणि तारे न दिसण्याचे कारण असे की, उन्हात उजळलेल्या भूमीसाठी योजलेल्या कॅमेऱ्याच्या प्रकाश टिपण्याच्या अल्प अवधीत मंद ताऱ्यांचा ठसा उमटत नाही. परंतु त्यांचे खरे बळ माणसांच्या व कचेऱ्यांच्या विस्मरणावर पोसलेले आहे. सर्वांना आर्मस्ट्राँगचे म्हणून आठवणारे प्रसिद्ध छायाचित्र वस्तुतः त्यांचे सहकारी बझ ऑल्ड्रिन यांचे आहे. आणि नासाने चांद्रावतरणाच्या मूळ चुंबकीय फिती पुसून पुन्हा वापरल्या. प्रक्षेपित चित्रांच्या प्रती मात्र शाबूत राहिल्या. गफलतीला कारस्थान समजणे हा संशयवाद्यांचा दोष. आणि आठवणीला पुरावा समजणे हा आमच्या काकांचा.

मराठी वाचकाला आठवण व पुरावा यांतील हा भेद नवा नसावा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली पानिपतच्या प्रसंगाची पत्रे छापली, ती घटना घडत असता लिहिलेला कागद आणि मागाहून आठवणीने रचलेली बखर यांतील तफावत दाखवीतच. चांद्रविजयाचा तसा अस्सल कागद म्हणजे सहा मोहिमांत मिळून आणलेले ३८२ किलोग्रॅम खडक व माती; वेधशाळांनी सोडलेले लेझरकिरण आजही परत धाडणारे, चंद्रावर ठेवलेले परावर्तक; आणि यानांची उरलेली पीठे व पावलांच्या वाटा दाखविणारी, २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने घेतलेली छायाचित्रे. हा पुरावा कोणाच्या स्मरणाचा मिंधा नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चे अवतरक चंद्रावर उतरले, तेव्हा आम्ही काकांच्याच घरी टेलिव्हिजनपुढे बसलो होतो, आणि या वेळी चित्र खरोखर समोर होते. टाळ्या ओसरल्यावर मी घरातल्या त्या तरुणाला भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात वेळ आणि हजर असलेल्यांची नावे लिहावयास सांगितले. काकांनी चष्मा लावून तो मजकूर वाचला, आणि स्वतःचे नाव राहिले होते ते स्वतःच्या हाताने त्याखाली लिहिले.