माशी म्हणजे काय?

बँकेत बावीस वर्षे काढल्यावर माणसाला एक गोष्ट पटते. जगातली भांडणे पैशावरून होत नाहीत, व्याख्येवरून होतात. 'साहेब जागेवर आहेत' याचीच आमच्याकडे तीन अर्थांनी वहिवाट आहे.

मासे धरण्याचेही तसेच. विलायतेत काही नद्यांवर नियम असतो: इथे मासा फक्त माशीने धरावा. माशी खरी नव्हे हं! गळाला पिसे आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली. १८८६ साली हाल्फर्ड नावाच्या गृहस्थांनी तरंगणाऱ्या माशीवर ग्रंथ लिहिला आणि शिष्यांनी त्याचे सोवळे केले. माशी तरंगलीच पाहिजे, बुडाली की विटाळ! १९१० मध्ये स्क्यूज नावाच्या वकिलाने पुस्तक काढून बुडत्या माशीचे वकीलपत्र घेतले. मासा बराचसा पाण्याखालीच जेवतो, मग पान तिथे का वाढू नये? वाद इतका चिघळला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा झाली. तेव्हा स्क्यूज एकोणऐंशी वर्षांचे होते. माशाचे मत मात्र कोणी विचारले नाही.

आपल्याकडे असल्या सोवळ्याला सवड नव्हती. फ्रान्सिस डे या डॉक्टरसाहेबांनी १८७३ साली अहवाल दिला, की बारीक जाळ्यांनी पिल्लेसुद्धा ओढली जात आहेत, काहीतरी करा. सरकारने केले, १८९७ मध्ये. फाइल चोवीस वर्षे फिरली, तरी आली हे विशेष. त्या कायद्याने सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारायला बंदी केली. सुरुंगाला शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळचे दोनशे, म्हणजे कालवण चांगलेच महाग पडले असते.

व्याख्या तर पाठ कराव्यात अशा. 'मासा' या शब्दात शिंपलेसुद्धा आले. सुरुंगाच्या कलमापुरते 'पाणी' म्हणजे किनाऱ्यापासून एक सागरी लीगपर्यंतचा समुद्रही. त्यापुढचे काय? ते कायद्याच्या हिशेबी कोरडेच!

पण हसू आवरून तो कायदा जरा सावकाश वाचावा. जाळी कसली असावीत, त्यांचा आस, म्हणजे भोक, केवढा असावा, सापळे आणि बांध कुठे घालावेत, यांचे नियम करायची मुभा त्यात आहे. हे का, ते आमच्या जिल्ह्यात अकोल्याकडे गेले की कळते. मृगाच्या सरी कोसळल्या की तिकडच्या ओढ्यांत मासे अंडी घालायला वर निघतात. हे चढणीचे मासे. ओढ्याच्या तोंडाशी बारीक आसाचे जाळे लावले, की पोटातल्या अंड्यांसकट सगळा कुटुंबकबिला टोपलीत. पुढच्या वर्षी त्याच ओढ्यात नुसते पाणी.

आम्हा बँकवाल्यांना हे लगेच समजते. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. माशी तरंगो की बुडो, दोरा एकाच माशाचा असतो. सुरुंग अख्ख्या खात्यावर पडतो. आणि या खात्यात पुन्हा भरणा करायला मासाच लागतो, खातेदार चालत नाही.