स्वास्थ्य आणि शर्यत : विश्पलेची जंघा, जयपूरचा पाय आणि मापाचा प्रश्न

क्रीडा आणि आरोग्यसेवा या दोन क्षेत्रांतील नैतिक प्रश्नांची चर्चा अलीकडे बहुधा उत्तेजक द्रव्यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. त्या चर्चेच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे, आणि तो शरीराच्या मापाचा आहे. एखादे शरीर पुरेसे आहे की उणे, दुरुस्त झाले की वाजवीपेक्षा अधिक झाले, हे ठरवताना माप कोणाचे लावायचे? मराठीतले दोन नित्याचे शब्द या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवतात. 'स्वस्थ' म्हणजे स्वतःच्या ठायी असलेला. या शब्दात दुसऱ्या कोणाशी तुलना नाही. सुश्रुताने स्वस्थ माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी आणि धातू यांच्या समतेबरोबर आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नता गणली आहे. म्हणजे समता हवी ती त्या देहाच्या आतली. 'शर्यत' हा शब्द मात्र अरबी 'शर्त'वरून आला. मोल्सवर्थच्या कोशात तो पैज आणि करार या अर्थांसह येतो. धावण्याआधी दोघांनी मान्य केलेली अट, आणि त्या अटीवर लावलेला पण, यांशिवाय शर्यत संभवत नाही. दुसरा माणूस तिथे गृहीतच आहे. आरोग्यसेवा पहिल्या शब्दाच्या आधाराने चालते आणि क्रीडा दुसऱ्या. जेव्हा एकाच देहावर दोन्ही शब्द हक्क सांगू लागतात, तेव्हा अडचण उभी राहते.

ही अडचण भारतीय वाङ्मयात फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ११६व्या सूक्तात कक्षीवान ऋषीने अश्विनीकुमारांच्या उपकारांची जी गणना केली आहे, तीत विश्पलेची हकिगत एका ऋचेपुरती येते. खेलाच्या 'आजी'त तिचा पाय पक्ष्याच्या पंखासारखा तुटला आणि अश्विनांनी तिला तत्काळ लोखंडी जंघा बसवली. (कक्षीवानाचा पिता दीर्घतमा परंपरेने अंध मानला आहे. अंगवैकल्य या घराण्याला केवळ कल्पनेने ठाऊक नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो; पण तो मोहच.) 'आजी' या शब्दाचा अर्थ युद्ध असाही होतो आणि शर्यत असाही. सायणाचार्यांनी युद्ध हा अर्थ घेतला. त्यांच्या मते खेल हा अगस्त्य ज्याचा पुरोहित होता असा राजा, विश्पला ही त्याच्याशी संबंधित स्त्री, आणि शत्रूने तिचा पाय तोडल्यावर अगस्त्याच्या स्तुतीने प्रसन्न झालेले अश्विन रात्री येऊन उपचार करून गेले. जर्मन पंडित पिशेल यांनी शर्यत हा अर्थ घेतला, आणि मग विश्पला त्यांना स्त्री न वाटता शर्यतीची घोडी वाटली. मॅकडोनेल आणि कीथ यांनी १९१२ च्या आपल्या वैदिक कोशात हा तर्क नोंदवला आणि त्याला तर्काहून अधिक किंमत दिली नाही.

दोन्ही अन्वयांत एक गोष्ट समान आहे, आणि ती भाष्यकारांच्या वादात मागे पडते. ऋचेत जंघा बसवण्याचे प्रयोजन सांगितले आहे : पण लागलेला असताना 'सर्तवे', म्हणजे गती घेता यावी म्हणून. केवळ उभे राहता यावे, घरी परतता यावे, एवढ्यासाठी ही जंघा नाही; ज्या स्पर्धेत पाय गेला तिथेच पुन्हा उतरण्यासाठी ती आहे. वैद्याचे काम आणि स्पर्धकाचे साधन एकाच लोखंडात आहे. आज क्रीडानीतीचे अभ्यासक 'उपचार' आणि 'संवर्धन' यांच्यात जी रेषा ओढू पाहतात, ती त्या ऋचेत अजून ओढलेली नाही. सायणाचार्यांना स्त्रीचा देह दिसला म्हणून त्यांनी उपचाराची कथा सांगितली. पिशेल यांना गती दिसली म्हणून त्यांना माणूस दिसेनासा झाला. या दोन वाचनांतले अंतर पुढे पायाच्या बाबतीत प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६०च्या दशकात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यापुढे जो प्रश्न होता तो दिसायला तांत्रिक होता. रुग्णांना कृत्रिम पाय मिळत होते आणि रुग्ण ते टाकून देत होते. पुन्हा कुबड्या, पुन्हा काठी. पाश्चात्त्य धर्तीचा तो पाय निर्दोष होता. मात्र त्याला बूट लागत असे, त्याचा घोटा वळत नसे, आणि त्याच्या घडणीत खुर्चीवर बसणारा, सपाट फरशीवरून चालणारा माणूस गृहीत होता. राजस्थानातील शेतकऱ्याला उकिडवे बसायचे असते, मांडी घालायची असते, बांधावरून आणि ओल्या मातीतून अनवाणी जायचे असते, देवळात आणि स्वयंपाकघरात पादत्राण काढायचे असते. त्या पायाने त्याला चालवले खरे, पण त्याच्या स्वतःच्या घरात त्याला परका केले. रुग्ण हट्टी किंवा अडाणी आहे असे निदान अशा वेळी सहज केले जाते. सेठी यांनी पायाचा दोष मानला, हा त्यांच्या कामातील नैतिक क्षण आहे. पुढचे सारे कारागिरीचे.

ती कारागिरी रामचंद्र शर्मा यांची. 'मास्टरजी' म्हणून ओळखले जाणारे शर्मा रुग्णालयातील रुग्णांना हस्तकला शिकवत असत. टायरवर रबराचा नवा थर चढवणाऱ्या दुकानातील पद्धत पावलासाठी वापरता येईल, हे त्यांना सुचले. टाचेला आणि पुढच्या भागाला स्पंजासारखे रबर, घोट्याशी लाकडाचा ठोकळा, वरून त्वचेच्या रंगाच्या रबराचे आवरण, आणि हे सारे साच्यात घालून उष्णतेने एकजीव केलेले : बोटांसकट माणसाच्या पावलासारखे दिसणारे हे पाऊल १९६८ साली सिद्ध झाले. ते अनेक दिशांनी वाकते, पाण्यात भिजते, त्याला बूट लागत नाही. त्याचे पेटंट घेतले गेले नाही. १९७५ साली देवेंद्र राज मेहता यांनी जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय मोफत मिळू लागला. पुढे अफगाणिस्तानात सुरुंगांनी पाय गेलेल्यांपर्यंत तो पोहोचला. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मा यांचे नाव मात्र बरीच वर्षे दुसऱ्या ओळीत राहिले. शल्यविशारद आणि कारागीर यांच्यातील हे अंतर आपल्या समाजात अपघाताने पडत नाही.

या पायाचे माप रुग्णाच्या घरून आले होते. एक पाय गेलेल्याच्या बाबतीत तर ते अक्षरशः त्याच्या दुसऱ्या पायावरून घेतले जाते. 'स्वस्थ' या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ इतक्या शब्दशः क्वचितच आचरणात आला असेल. फ्रेंच तत्त्वचिंतक झॉर्झ कांगिलेम यांनी १९४३ च्या आपल्या प्रबंधात आरोग्य म्हणजे सरासरीशी जुळणे नव्हे, तर बदललेल्या परिस्थितीत स्वतःसाठी नवे मानदंड निर्माण करण्याची क्षमता होय, असे प्रतिपादन केले होते. जयपूरच्या कार्यशाळेत त्याला रबराचे रूप मिळाले. मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९८१ च्या अपघातात पाय गमावल्यावर त्या जयपूरच्या पायावर १९८४ साली पुन्हा रंगमंचावर आल्या आणि त्यांच्या जीवनावर 'मयूरी' हा तेलुगू चित्रपट निघाला. त्या नृत्याला नैतिक आक्षेप कोणी घेतला नाही, कारण नृत्यात शर्यत नव्हती.

तरीही या मापाला एक काळी बाजू आहे आणि जयपूरच्या गौरवगाथा ती सहसा टाळतात. रुग्णाच्या जीवनावरून माप घ्यायचे म्हटले की त्याचे जीवन जसे आहे तसेच राहणार, हे नकळत मान्य होते. शेतकऱ्याला शेतात जाता आले, मजुराला कामावर जाता आले की सेवा पूर्ण झाली. त्याने धावावे, खेळावे, निव्वळ आनंदासाठी देह पणाला लावावा, ही अपेक्षा त्या मापात कुठे होती? गरिबाला पोटापुरता पाय आणि श्रीमंताला शर्यतीचा पाय, अशी वाटणी कोणी ठरवून केली नाही, पण ती झाली. भारताने २००७ साली मान्य केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातील तिसावे कलम क्रीडेतील सहभागाला हक्क मानते, आणि २०१६ च्या भारतीय कायद्यातही क्रीडाविषयक कलम तिसावेच आहे. परंतु दानाच्या भाषेत मिळालेल्या पायाकडून हक्काच्या भाषेत धावण्याची मागणी करणे सोपे नसते.

वस्तुतः अपंगांची स्पर्धात्मक क्रीडा रुग्णालयातच जन्मली. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी खेळ हा उपचाराचा भाग केला आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, सोळा रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. मराठी मुलखात या इतिहासाचा धागा सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांच्यापर्यंत येतो. सैन्यात मुष्टियुद्ध खेळणारे पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले; त्या रुग्णालयाचे नाव 'अश्विनी' आहे, हा योगायोग ऋग्वेदाच्या वाचकाला अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही. उपचार म्हणून पाण्यात उतरलेला हा सैनिक १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक जिंकून बाहेर आला. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव स्वरूपाचा, २०२५ साली. तोपर्यंत त्यांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली होती. राज्यसंस्थेने त्यांच्या पोहण्याला बराच काळ बरे होण्याची एक तऱ्हा मानले असावे, जिंकण्याची नव्हे.

हाच दृष्टिदोष राजस्थानच्या दोन खेळाडूंच्या तुलनेत अधिक स्पष्ट होतो. जयपूरच्या वायव्येकडील झोटवाडा या औद्योगिक उपनगराच्या विधानसभा मतदारसंघाने डिसेंबर २०२३ मध्ये राज्यवर्धन सिंह राठोड यांना निवडून दिले. मूळचे जैसलमेरचे राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत रौप्यपदक मिळवले होते. त्याच वर्षासाठी त्यांना खेलरत्न मिळाले. त्याच अथेन्समध्ये, अवघ्या महिन्याभराने, चुरू जिल्ह्याच्या देवेंद्र झाझडिया यांनी पॅरालिंपिकच्या भालाफेकीत ६२.१५ मीटरच्या विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. लहानपणी विजेच्या धक्क्याने त्यांचा डावा हात गेला होता. पेटकरांनंतर बत्तीस वर्षांनी भारताला मिळालेले हे दुसरे सुवर्ण होते. झाझडिया यांना खेलरत्न मिळाले २०१७ साली, रिओमध्ये दुसरे सुवर्ण आणि नवा विश्वविक्रम केल्यानंतर. येथे राठोड यांच्या यशाचे अवमूल्यन करण्याचे कारण नाही. तुलना मापांची आहे, माणसांची नाही.

मधल्या बारा वर्षांत झाझडिया पॅरालिंपिकमध्ये का दिसले नाहीत, याचे उत्तर क्रीडानीतीच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. बीजिंग आणि लंडनच्या कार्यक्रमात त्यांच्या गटाची भालाफेकच नव्हती. अपंगांच्या क्रीडेत शरीरे गटांत विभागावी लागतात, अन्यथा शर्यतीची अटच मोडते. पण गट मांडणारा आणि मिटवणारा अधिकार खेळाडूच्या हाती नसतो. टोकियोत ऑगस्ट २०२१ मध्ये थाळीफेकपटू विनोद कुमार यांचे कांस्यपदक काढून घेण्यात आले, कारण त्यांचा देह त्या गटात बसत नाही असा निर्णय वर्गीकरण समितीने दिला. जो देह उपचाराच्या खोलीत अधिकाधिक सक्षम व्हावा म्हणून सारे झटतात, तोच वर्गीकरणाच्या खोलीत आपली अक्षमता सिद्ध करायला उभा राहतो. ही विसंगती कोणा अधिकाऱ्याच्या निष्ठुरपणातून आलेली नाही. स्वास्थ्य आणि शर्यत एकाच देहात नांदू लागल्यावर ती येणारच.

तिचे टोक कृत्रिम पायांच्या खटल्यांत गाठले गेले. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेला दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याच्यावर आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने जानेवारी २००८ मध्ये बंदी घातली आणि मे महिन्यात क्रीडा लवादाने ती उठवली : कार्बनच्या पात्यांमुळे त्याला एकूण फायदा होतो हे महासंघाला सिद्ध करता आले नाही. २०१२ साली तो लंडन ऑलिंपिकमध्ये धावला. अमेरिकेच्या ब्लेक लीपरच्या बाबतीत ऑक्टोबर २०२० मध्ये लवादाचा कौल वेगळा लागला. फायदा नाही हे खेळाडूनेच सिद्ध करावे, ही नियमातील अट लवादाने बेकायदा ठरवली, पण लीपरची पाती त्याला त्याच्या नैसर्गिक उंचीपेक्षा सुमारे १५ सेंटीमीटर उंच करतात, हा निष्कर्ष मान्य केला.

'नैसर्गिक उंची' या शब्दप्रयोगापाशी थांबावे लागते. लीपर जन्मतःच दोन्ही पायांच्या खालच्या भागाविना आहे. त्याची नैसर्गिक उंची कधी अस्तित्वातच नव्हती. ती धड, हात आणि मांडी यांच्या लांबीवरून सूत्राने काढली गेली. ज्या लोकसमूहांच्या मोजमापांवरून ते सूत्र बनले त्यांत गौरवर्णीय आणि आशियाई होते, आफ्रिकी वंशाचे नव्हते, असा कृष्णवर्णीय लीपरचा आक्षेप होता. लवादाने तो स्वीकारला नाही. जयपूरला एक पाय गेलेल्याचे माप त्याच्या दुसऱ्या पायावरून घेता येते. दोन्ही पाय नसलेल्याला असा साक्षीदार नसतो, आणि त्याच्या ठायी कोणाला तरी कल्पून बसवावेच लागते. उपचारात, विशेषतः दोन्ही पाय मांडीतून गेलेल्या रुग्णाला, आरंभी मुद्दाम बुटके पाय देण्याची पद्धत आहे : गुरुत्वमध्य खाली राहतो, तोल सावरतो, पडण्याची भीती जाते. तिथे उंची वाढवणे हे रुग्णाच्या प्रगतीचे लक्षण मानतात, आणि किती वाढवायची हे त्याच्या चालण्यावर ठरते. मैदानावर हीच उंची फूटपट्टीने मोजली जाते, आणि ती फूटपट्टी २०१८ च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने आणखी आखूड केली आहे.