साहेबाची नजर आणि तारेचा खडखडाट

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या बोरीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर परभणी गाठायची. लहानपणी ‘बोरीबंदर’ हे नाव ऐकले की मला उगाच वाटे, हे आपल्याच गावाचे असणार! त्या मुंबईच्या बोरीबंदरहून 16 एप्रिल 1853 रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची पहिली गाडी ठाण्याला गेली. अंतर अवघे 34 किलोमीटर. एवढ्या मार्गाचा कारभार साहेबाला स्वतः फिरून पाहता येई. पण 1867 मध्ये हीच कंपनी नागपूरला आणि 1871 मध्ये रायचूरला पोहोचली. आता भुसावळची गाडी सुटली की खोळंबली, हे मुंबईत कळणार कसे? जासूद धाडावा, तर तोही गाडीनेच येणार!

अमेरिकेतल्या ईरी रेल्वेचे अधीक्षक डॅनियल मॅकॅलम यांनी 1855 च्या सुमारास हा पेच नेमका मांडला होता. पन्नास मैलांच्या मार्गावर अधीक्षक जातीने लक्ष घालतो, माणसे ओळखतो. पाचशे मैलांवर ती रीत कोलमडते. त्यांनी गाड्यांची खबर तारायंत्राने तासातासाला मागवली. वाढत्या कंपन्या नवे यंत्र आणतात ते हौसेपोटी किंवा केवळ वेगासाठी नव्हे. मालकाची नजर पोहोचेनाशी होते, तेव्हा ते येते.

आपल्याकडे एकेरी रुळांवर तर हा जिवाचाच प्रश्न होता. पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि निरोपाची वेळ वहीत टिपायची. घोटाळा झाला की दोष कोणाचा, हे त्या वहीतच शोधले जाई. ‘मला वाटले, रूळ मोकळा असेल’ ही स्टेशनमास्तरची सबब संपली. स्वतःच्या अकलेने गाडी सोडण्याची मुभाही गेली.

पुढे टोकनची यंत्रे आली. दोन स्टेशनांवरची यंत्रे तारेने जोडलेली; एकातून टोकन निघाले, की ते परत यंत्रात पडेपर्यंत दोन्हींतून दुसरे निघत नाही. निजामाच्या राज्यातला मनमाड-हैदराबाद मीटरगेज मार्ग 1900 च्या सुमारास परभणीवरून गेला. त्याच मार्गावर लहानपणी मी स्टेशनवरच्या माणसाला ड्रायव्हरकडे वेताचे मोठे कडे देताना पाहिले. कड्याला चामड्याची पिशवी होती. तिच्यात ड्रायव्हरचा डबा असेल, असे मी वडिलांना म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, “अरे, त्यात पुढच्या स्टेशनापर्यंतचा रूळ आहे.”