अंकपाश आणि फिरते ठोकळे

राजवंशांचा, ग्रंथांचा आणि चळवळींचा इतिहास आपल्याकडे जेवढ्या आस्थेने लिहिला गेला, तेवढ्या आस्थेने छंदांचा लिहिला गेला नाही. छंद म्हणजे रिकामपणाचा उद्योग, ही समजूत त्याच्या मुळाशी असावी. बुद्धीचे छंद तर आणखीच उपेक्षित राहिले. ते ना मैदानात दिसतात, ना मैफलीत. फिरणाऱ्या ठोकळ्यांची कोडी सोडवण्याचा छंद हा असाच एक. रुबिकचा ठोकळा सर्वांनी पाहिलेला असतो. पण त्याच्या भावंडांचा, म्हणजे पिरॅमिड, द्वादशफलक, तिरपे कापलेले आणि आकार बदलणारे ठोकळे यांचा गोतावळा केवढा मोठा आहे याची कल्पना थोड्यांनाच असते. या छंदाचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही गणिताचे नव्हे, मराठीचे अध्यापक आहोत. तरीही हा विषय आमच्या वर्गापासून फार दूर नाही, असे आम्हांस वाटते. त्याचे कारण ओघात येईलच.

प्रारंभ शब्दापासून करू. मराठीत 'कोडे' आहे, 'उखाणा' आहे, 'हुमाण' आहे आणि संस्कृतातून आलेले 'कूट' आहे. वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत 'प्रहेलिका' म्हणजे कोडी घालणे व उकलणे ही एक स्वतंत्र कला आहे. त्याच कामसूत्रात वत्सगुल्माच्या लोकांचाही उल्लेख येतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच नगरात. ज्या जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात कामरगाव आहे त्या जिल्ह्याची ही पूर्वपीठिका. बुद्धीचा विलास हा केवळ महानगरांचा वारसा नव्हे, एवढेच त्यावरून सुचवायचे आहे.

'कूट' या शब्दाचा खरा अर्थ मात्र महाभारताच्या लेखनाची कथा सांगते. लेखणी थांबू देणार नाही, ही गणपतीची अट. आणि अर्थ कळल्यावाचून लिहायचे नाही, ही व्यासांची प्रतिअट. गणपतीला विचार करावा लागावा म्हणून व्यासांनी मधूनमधून कूट श्लोक घातले आणि तेवढ्या अवधीत पुढची रचना केली. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवू. तिच्यातील कूटाची व्याख्या मात्र मोलाची आहे. कूट म्हणजे वेगवान बुद्धीलाही थांबायला लावणारी जागा.

आता गणिताकडे वळू. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' रचली. त्यांचे नाव खानदेशातील पाटण गावाशी जोडलेले आहे. चाळीसगावजवळच्या त्या गावातील शिलालेखात, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. 'लीलावती'च्या अखेरच्या भागात 'अंकपाश' नावाचे प्रकरण येते. दिलेल्या वस्तूंच्या मांडण्या किती प्रकारे होतील, हा त्याचा विषय. तेथील एक उदाहरण रम्य आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू इत्यादी दहा वस्तू आहेत. त्यांची अदलाबदल केली तर मूर्तीचे किती भेद होतील? उत्तर ३६,२८,८००. आणि शंख, चक्र, गदा, पद्म धारण करणाऱ्या चतुर्भुज हरीचे? उत्तर २४. संध्येच्या आरंभी केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावे घेतली जातात, त्यांच्या मूर्ती याच आयुधक्रमाने ओळखल्या जातात. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडितांच्या 'गणितकौमुदी'ने अंकपाशाचा आणखी विस्तार केला आणि भद्रगणित म्हणजे जादूच्या चौरसांनाही स्वतंत्र प्रकरण दिले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आमच्या पूर्वजांना फिरता ठोकळा ठाऊक होता, असा दावा करण्याचा मोह कोणालाही होईल. तो मोह टाळलेलाच बरा. अंकपाश मांडण्या मोजतो. एका मांडणीपासून दुसरीपर्यंत जाण्याची वाट तो सांगत नाही. ती वाट शोधण्याचे गणित, म्हणजे गटसिद्धांत, एकोणिसाव्या शतकात युरोपात आकाराला आले. तरीही मोजणीची किल्ली तीच. ठोकळ्याच्या आठ कोपऱ्यांच्या मांडण्या ४०,३२०. प्रत्येक कोपरा तीन प्रकारे बसू शकतो. बारा कडा, त्यांतील प्रत्येक दोन प्रकारे. या साऱ्यांचा गुणाकार करून अशक्य स्थिती वगळल्या की उरणारी संख्या येते ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. दहा हातांच्या शंकराचे छत्तीस लक्ष भेद येथे अगदी किरकोळ वाटू लागतात.

एर्नो रुबिक हे बुडापेस्टचे. तेथील उपयोजित कलांच्या संस्थेत ते शिकवीत असत. १९७४ च्या वसंतात त्यांनी हा ठोकळा घडवला. तुकडे सुटे न होता एकमेकांभोवती फिरावेत, हा मूळ प्रश्न रचनेचा होता. रंग लावून काही वळणे दिल्यावर मात्र त्यांच्या ध्यानात आले की परत कसे यायचे हे आपल्यालाच ठाऊक नाही. स्वतःच निर्माण केलेले कोडे सुटायला त्यांना महिन्याहून अधिक काळ लागला. जगात ती रीत सांगणारा दुसरा कोणी नव्हता. जानेवारी १९७५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. हंगेरीत हा ठोकळा 'जादूचा ठोकळा' याच अर्थाच्या नावाने विकला जाई. 'रुबिक क्यूब' हे नाव १९८० मध्ये अमेरिकन कंपनीने दिले. ही कल्पना एकट्या रुबिकची नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. लॅरी निकोल्स यांच्या लोहचुंबकांनी जोडलेल्या, दोन-दोन थरांच्या ठोकळ्याला १९७२ मध्येच पेटंट मिळाले होते, आणि जपानमध्ये तेरुतोशी इशिगे यांनी १९७६ मध्ये जवळजवळ तशीच रचना स्वतंत्रपणे सिद्ध केली.

ठोकळा जगभर पोहोचला आणि त्याच्या पाठोपाठ उत्तरेही पोहोचली. १९८१ मध्ये पॅट्रिक बॉसर्ट या इंग्लंडमधील शाळकरी मुलाचे उत्तरपुस्तक निघाले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९८२ च्या जूनमध्ये बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली. मिन थाई या विद्यार्थ्याने २२.९५ सेकंदांत ठोकळा सोडवून ती जिंकली. महिन्याचा प्रवास आठ वर्षांत तेवीस सेकंदांवर आला. या वेगामागे कष्ट आहेत, बोटांचे कौशल्य आहे, स्मरणशक्ती आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण या दोन कृतींना आपण एकच क्रियापद लावतो, 'सोडवणे', हे भाषेच्या अभ्यासकाला खटकते. रुबिकने उकलले, पुढच्यांनी पाठ म्हटला. पाठ म्हणणारा उत्तम म्हणू शकतो. परंतु कूटाने त्याला कोठे थांबवलेले नसते.

छंदाची खरी समृद्धी रुबिकच्या ठोकळ्याबाहेर सापडते. उवे मेफर्ट यांचा 'पिरॅमिंक्स' १९८१ मध्ये बाजारात आला. चार तोंडांचा हा पिरॅमिड. टोके वगळली तर त्याच्या स्थिती अवघ्या ९,३३,१२०, आणि कोणतीही स्थिती अकरा वळणांच्या आत सुटते. नवशिक्याने आरंभ येथून करावा. टोनी डरहॅम यांच्या 'स्क्यूब'मध्ये काप तिरपा असल्याने प्रत्येक वळणात अर्धा ठोकळा हलतो. 'मेगामिंक्स' बारा पंचकोनी तोंडांचा. चेक संशोधकांचा 'स्क्वेअर-वन' फिरवता फिरवता घनाचा आकारच सोडून देतो. जपानच्या हिदेतोशी ताकेजी यांच्या 'मिरर क्यूब'ला तर रंगांची ओळखच नाही. सर्व तुकडे एकाच रंगाचे, फक्त जाडी निराळी. आतली यंत्रणा रुबिकच्या ठोकळ्याचीच, तरीही नेहमीचा खेळाडू त्यासमोर चाचपडतो. वृत्त तेच आणि शब्दकळा नवी असावी, तसा हा प्रकार. उलट, काही तुकडे एकमेकांना चिकटवून टाकलेल्या ठोकळ्यात बाह्य रूप तेच राहते, पण हवे ते वळण हव्या त्या वेळी मिळत नाही. तेथे पाठ केलेली सूत्रे निरुपयोगी ठरतात. सर्वांत अवाढव्य उदाहरणांपैकी एक म्हणजे ओस्कर फान डेव्हेंटर यांनी २०११ मध्ये दाखवलेला, प्रत्येक बाजूस सतरा थर असलेला ठोकळा.

मग अनोळखी ठोकळा सोडवायचा कसा? या छंदातील मुरलेल्या मंडळींची मुख्य युक्ती एका वाक्यात सांगता येते. एक वळण द्या, दुसरे द्या, पहिले उलटवा, दुसरे उलटवा. क्रमाने काही फरक पडत नसता, तर सारे पूर्ववत झाले असते. पण फरक पडतो. आधी पाऊस आणि मग पेरणी, की आधी पेरणी आणि मग पाऊस, यातले अंतर दुबार पेरणीचा फटका बसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. क्रमभेदामुळे ठोकळ्यातले मोजकेच तुकडे हलतात, बाकीचा भाग जागच्या जागी राहतो. हे थोडे हललेले तुकडे म्हणजे सोडवणाऱ्याच्या हाती आलेले हत्यार. ते प्रत्येकाने आपापल्या ठोकळ्यासाठी घडवायचे असते.

आणखी एक गोष्ट या छंदातच शिकायला मिळते. कंटाळलेली मुले ठोकळा उचकटून तुकडे पुन्हा बसवतात. रंग न पाहता तसे बसवले, तर बारांपैकी अकरा वेळा तो ठोकळा कोणत्याही वळणांनी सुटणार नाही, कारण एकट्या कोपऱ्याला जागच्या जागी पीळ देण्याची सोय त्याच्या नियमांतच नाही. काही प्रश्न अवघड असतात आणि काही मुळातच चुकीचे मांडलेले असतात. हा फरक हातांनी अनुभवणे, हे आमच्या मते मोठे शिक्षण आहे.

महाराष्ट्रात या छंदाची परंपरा शोधताना आज प्रथम स्पर्धक दिसतात. मुंबईच्या चिन्मय प्रभू या तरुणाने २०१८ मध्ये पाण्याखाली श्वास रोखून नऊ पिरॅमिंक्स सोडवले आणि गिनीजच्या नोंदीत स्थान मिळवले. परंतु या वृत्तीचा आमचा खरा पूर्वज ठोकळ्याच्या जन्माआधीचा आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. विद्यापीठातले पद नाही, पदव्युत्तर शिक्षण नाही. फक्त आकड्यांशी चाललेला खेळ. एका संख्याप्रकाराला त्यांनी 'डेम्लो' हे नाव दिले ते आजच्या डोंबिवली स्थानकावरून. भारतीय गणितज्ञांपैकी अनेकांनी या खेळाला क्षुल्लक ठरवले.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी एक शोध मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजाबाकी करा. उत्तराबाबत तेच पुन्हा करा. त्यांचेच जन्मवर्ष घेऊ. १९०५ वरून ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४. तेथे पोहोचल्यावर संख्या बदलत नाही. कोणत्याही संख्येला सातपेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत. १९०५ ला पुऱ्या सात लागल्या.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर गेले. सहा वर्षांनी, मार्च १९८१ मध्ये, त्याच मासिकात गार्डनर यांच्या परंपरेतले सदर लिहिणाऱ्या डग्लस हॉफस्टॅटर यांनी रुबिकचा ठोकळा वाचकांपुढे ठेवला. दोन्ही कोड्यांत एक साम्यही आहे. ठोकळ्याची कोणतीही स्थिती वीस वळणांच्या आत सुटते, हे २०१० मध्ये संगणकांच्या प्रचंड साहाय्याने सिद्ध झाले. कापरेकरांची मर्यादा सात पायऱ्यांची. फरक इतकाच की संख्या आपोआप ६१७४ कडे ओढली जाते, ठोकळ्याला मात्र घरी न्यावे लागते.

आता आरंभी उल्लेखिलेल्या कारणाकडे येतो. आमच्या वर्गात कविता येते ती बहुधा मार्गदर्शक पुस्तकातील उत्तरासह. विद्यार्थी उत्तर आधी वाचतो आणि कविता नंतर, किंवा वाचतच नाही. ठोकळाही आज असाच येतो. वेष्टनात वळणांची चिठ्ठी असते आणि मोबाईलवर चित्रफीत. कामरगावच्या मुलाला ती मुंबईच्या मुलाइतक्याच सहजपणे मिळते, आणि माहितीचे हे अंतर मिटले ही आनंदाचीच गोष्ट. पण कापरेकरांपाशी जे होते ते माहितीच्या विपुलतेतून आलेले नव्हते. ते एकाच प्रश्नापाशी दीर्घकाळ बसून राहण्याच्या सवयीतून आले होते. गाव लहान असणे या सवयीच्या आड येत नाही. उत्तर उशाशी असणे मात्र येते.

म्हणून विलक्षण आकारांच्या ठोकळ्यांचा छंद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्यांतील अनेकांची तयार उत्तरे सहज सापडत नाहीत, आणि सापडली तरी न पाहण्याची शिस्त या छंदातले जाणकार स्वतःवर घालून घेतात. पालकांना व शिक्षकमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की मुलाच्या हाती पिरॅमिंक्स द्यावा आणि चिठ्ठी काढून ठेवावी. महिनाभर ती मागितली तरी देऊ नये. ठोकळा घेणे शक्य नसेल तर कागद आणि पेन्सिल पुरे. त्याने आपले जन्मवर्ष लिहावे, वजाबाक्या कराव्यात आणि ६१७४ येताच असे का होते, हे स्वतःला विचारावे.