खेळाडूंची दाद : कायद्यातील शब्दांचा इतिहास आणि धाराशिव जिल्हा

'दाद' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ न्याय. मराठीत गुणाला दाद दिली जाते आणि अन्यायाविरुद्ध दाद मागितली जाते. धाराशिव जिल्ह्यातील खेळाडूंना पहिल्या प्रकारची दाद पुष्कळ लाभली आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या महिला खो-खो संघाचे नेतृत्व करणाऱ्या व २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या सारिका काळे याच जिल्ह्याच्या होत. परंतु प्रशिक्षकाकडून वा पदाधिकाऱ्याकडून छळ झाल्यास दाद कोठे मागावी, या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर अलीकडचे आहे.

आखाड्याची परिभाषा पाहिली असता 'तालीम' म्हणजे मुळात शिक्षण व 'वस्ताद' म्हणजे गुरू. हे नाते आज्ञापालनाचे आहे. संघात कोणाची निवड व्हावी, कोणी स्पर्धेस जावे, हे ठरविण्याची सत्ता त्यात गुरूकडे असते. जुन्या कायद्यास या सत्तेची जाणीव नव्हती. पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेल्या या जिल्ह्यास भारतीय दंडसंहिता १९५१ मध्ये लागू झाली. तिच्या ३५४ व्या कलमाचा विषय स्त्रीचा 'विनय' हा होता. क्रीडांगणावरील अधिकाराचा त्यात विचार नव्हता.

त्याचा परिणाम हरियाणातील रुचिका गिऱ्होत्रा प्रकरणात दिसतो. चौदा वर्षांच्या या टेनिसपटूने १९९० मध्ये राज्य टेनिस संघटनेच्या अध्यक्षांविरुद्ध तक्रार केली. हे गृहस्थ पोलीस खात्यातील वरिष्ठ अधिकारीही होते. १९९३ मध्ये तिने आत्महत्या केली. गुन्ह्याची रीतसर नोंद १९९९ मध्ये व दोषसिद्धी २००९ मध्ये झाली.

१९९७ च्या विशाखा निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. परंतु सराव करणारी मुलगी ही कोणाची नोकरदार? या शंकेचे निरसन २०१३ च्या कायद्याने केले. त्यात 'कामाचे ठिकाण' या संज्ञेत क्रीडासंस्था, क्रीडासंकुल व स्पर्धास्थान यांचा स्पष्ट समावेश आहे, आणि पीडित स्त्री नोकरीत असो वा नसो, तिला संरक्षण आहे. हा व्याख्येतील विस्तार केवळ शाब्दिक नव्हे. तक्रारीचा मार्ग त्यामुळेच खुला झाला.

हा मार्ग जिल्ह्यापर्यंत येतो. जेथे दहाहून कमी कर्मचारी असल्यामुळे अंतर्गत समिती नाही, किंवा जेथे तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्ध आहे, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तुळजापूर वा परंडा येथील लहान मंडळाच्या खेळाडूस हीच व्यवस्था उपयोगी पडणारी आहे. लेखी तक्रार तीन महिन्यांत करावयाची असते. कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी २०१२ चा बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, व त्यानुसार गुन्हा माहीत असणाऱ्याने तो कळविणे बंधनकारक आहे. ताब्यातील बालकास मारहाण वा क्रूर वागणूक हा २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वये गुन्हा ठरतो. प्रौढ पुरुष खेळाडूस मात्र २०१३ च्या कायद्याचा आधार नाही.

कायदा असला तरी मार्ग सुकर होतोच असे नाही. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या महिला कुस्तीगिरांनाही गुन्हा नोंदविला जावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर २८ एप्रिल रोजी दिल्ली पोलिसांनी नोंद केली. ज्यांना साऱ्या देशाने दाद दिली त्यांची ही स्थिती, तर खेड्यातील अनामिक मुलीची काय असेल? कायद्याच्या व्याख्येत तिला स्थान मिळाले आहे. समितीचे नाव व पत्ता तिच्या क्रीडांगणाच्या फलकावर मराठीत लिहिला गेला, तरच त्या स्थानाला अर्थ येईल.