अर्धपोकळ गिटारीची कुळकथा



मी गवई नव्हे आणि वाजंत्रीही नव्हे. कामगारांच्या सभा भरविणे आणि तंट्याच्या वाटाघाटींस बसणे यांत माझे आयुष्य गेले. शिक्षण म्हणाल तर जे झाले ते वाचनालयाच्या बाकावर. असा मनुष्य गिटारीवर बोलावयास उभा राहतो याचे आपणांस नवल वाटेल. कारण इतकेच की, आमच्या संघटनेतला एक तरुण, दिवसा लेथवर उभा राहणारा आणि रात्री लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजविणारा, येथे वारज्यातच मला म्हणाला, "काका, दोन पगारांत बसेल आणि स्टेजवर शिट्टी मारणार नाही अशी गिटार घ्यायची आहे. मधून भरीव नि कडेने पोकळ अशी एक असते म्हणतात. तुम्ही वाचत असता, जरा बघा ना."

गिटारीतले मला काही कळत नव्हते. पण 'शिट्टी' म्हटल्याबरोबर ओळख पटली. गेटसभेत माईक आणि कर्णा समोरासमोर आले की जी किंकाळी उठते, तीच ही. कर्ण्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. गिटारीत माईकच्या जागी पोकळ लाकडी पेटी असते, एवढाच फरक.

पोकळीचे महत्त्व महाराष्ट्रास नव्याने सांगावयास नको. मिरजेचे तंबोरे आणि सतारी यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथल्या कारागिरांच्या पिढ्या भोपळा निवडण्यात आणि तबली बसविण्यात गेल्या. तार एकटी फारसे बोलत नाही, तिला बोलविते ती पातळ तबली आणि तिच्यामागची हवा. गिटारीचेही तसेच. परंतु 1930 च्या सुमारास अमेरिकेतील नाचगृहांत तुताऱ्या आणि ढोल यांच्या गदारोळात या पेटीचा आवाज बुडू लागला. म्हणून 1936 साली गिब्सन कंपनीने पोकळ गिटारीस विजेची जोड दिली. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उपजते, आणि ती वाढवून कर्ण्याला द्यावयाची. त्या गिटारीचे नाव ईएस-150. आवाजवर्धकासह सुमारे दीडशे डॉलर किंमत होती, तीच नावात आली. 1939 पासून बेनी गुडमनच्या ताफ्यात चार्ली ख्रिश्चन या कृष्णवर्णी तरुणाने ती अशी वाजविली की, मागे बसून ठेका धरणारे हे वाद्य पुढे येऊन बोलू लागले.

पण आवाज वाढविला तशी शिट्टीही वाढली. कर्ण्याच्या आवाजाने पेटीची तबली हादरे, तबलीने तार हादरे, आणि तारेचा आवाज पुन्हा कर्ण्यात जाई. वादक पेटीच्या भोकांत चिंध्या कोंबीत. 1940 च्या सुमारास लेस पॉल नावाच्या वादकाने न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात, रविवारी यंत्रे बंद असताना, चार इंची चौकोनी पाइनच्या ओंडक्यावर तारा चढविल्या. ओंडका गिटारीसारखा दिसेना, म्हणून एक पोकळ गिटार मधोमध कापून तिचे दोन अर्ध त्यास पंखांसारखे चिकटविले. गिब्सनच्या मंडळींनी तेव्हा त्याची वाट लावली. पुढे फेंडरची भरीव गिटार 1950 साली बाजारात आली, तेव्हा त्याच कंपनीने 1952 साली लेस पॉलच्याच नावाने भरीव गिटार काढली! भरीव गिटार सहजी शिट्टी मारीत नाही; पण पोकळीतला गोडवाही तिच्यात नाही.

1958 साली गिब्सनचे प्रमुख टेड मॅकार्टी यांच्या कारकिर्दीत ईएस-335 निघाली. पातळ पेटी, मधून मेपलचा सलग ठोकळा, दोन्ही बाजूंस पोकळ पंख. मला वाटाघाटींची सवय असल्यामुळे ही रचना पाहून बरे वाटले. ज्या तडजोडीत दोन्ही बाजूंची मूळ मागणी शाबूत राहते ती क्वचितच होते. येथे ती लाकडात झाली आहे.

आता ही लाकडे कोणी जोडली, ते पाहू. मिशिगन प्रांतातील कॅलामझू येथे गिब्सनचा कारखाना होता. महायुद्धाच्या काळात पुरुष रणांगणावर गेले तेव्हा 1942 ते 1945 या वर्षांत तेथील हजारो गिटारी बायकांनी घडविल्या. कंपनी मात्र पुष्कळ वर्षे युद्धकाळात वाद्यांचे काम जवळजवळ बंद होते असेच सांगत आली. कारखान्यापुढे उभ्या असलेल्या त्या स्त्रियांचे एक जुने छायाचित्र पुढे अभ्यासकाच्या हाती लागले, तेव्हा त्यांचा शोध सुरू झाला. आपल्याकडच्या विड्या वळणाऱ्या बायांचे नाव कोणत्या बंडलावर असते? 1984 साली हा कारखाना बंद करून काम दक्षिणेत नॅशव्हिलला एकवटण्यात आले. काही जुन्या माणसांनी गाव सोडले नाही. त्यांनी 1985 साली त्याच इमारतीत हेरिटेज नावाने स्वतःचा कारखाना उभारला.

एपिफोनची गोष्ट याहून जिव्हारी लागते. ग्रीक स्थलांतरित स्टाथोपुलो घराण्याची ही न्यूयॉर्कमधील पेढी गिब्सनची तोलामोलाची प्रतिस्पर्धी होती. 1951 साली तेथे चार महिने संप झाला आणि कारखाना फिलाडेल्फियास हलला. अनेक कारागिरांनी न्यूयॉर्क सोडण्यास नकार दिला. त्यांतले कित्येक नव्या गिल्ड कंपनीत गेले. हात गेले, नाव उरले. 1957 साली गिब्सनच्या मालकांनी ते नाव विकत घेतले. 1982 चा मुंबईचा गिरणी संप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. पण गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींवर गिरण्यांचीच नावे पाहिली की एपिफोनची आठवण होते. पुढे ते नाव 1970 च्या सुमारास जपानला, 1980 नंतर कोरियास आणि 2004 साली चीनमधील चिंगदाओस गेले. मजुरी जेथे स्वस्त तेथे नाव. आज आमच्या लेथवाल्यास परवडणारी अर्धपोकळ गिटार बहुधा याच वाटेने आलेली असते. इबानेझ या जपानी कंपनीची 2002 ची आर्टकोर मालिकाही चीनमध्येच घडू लागली.

आपल्याकडे ही वाद्ये गोवेकरांनी आणली असे म्हटले तर चूक होणार नाही. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले हे लोक मुंबईस धोबीतलावाच्या कुडांत राहत, हॉटेलांच्या नाचबँडांत आणि सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवीत. तेथेच जेर महालात फुर्तादो यांचे वाद्यांचे दुकान. ती पेढी 1865 ची. विजेची गिटार मराठी माणसाच्या कानी पडली ती सिनेमातून. 1971 च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये भूपिंदर सिंग यांनी आणि 1980 च्या 'कर्ज'मध्ये गोरख शर्मा यांनी वाजविलेली गिटार अनेकांच्या कानात अजून असेल. परंतु परदेशी वाद्य विकत घेणे ही सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती. 1991 नंतर आयातीचे निर्बंध सैल होत गेले आणि 2001 पर्यंत बहुतेक उठले, तेव्हा कोठे आमच्यासारख्यांच्या पोरांना निवड करण्याचा प्रश्न पडू लागला.

इतके वाचून मी त्या तरुणाबरोबर एक जुनी गिटार पाहावयास गेलो. विकणारा म्हणाला, "लाकूड प्लायवूडचे आहे, म्हणून स्वस्त." हे मला पटले नाही. खुद्द 1958 ची ईएस-335 देखील पापुद्रे चिकटवूनच केलेली होती. त्यात कमीपणा नाही. पाहावयाचे ते दुसरेच. बाहेरून अगदी तशीच दिसणारी, पण आतून संपूर्ण पोकळ गिटार मिळते. एपिफोनची कॅसिनो तशी आहे, आणि ती मोठ्या आवाजात शिट्टी मारते. म्हणून भोकातून बॅटरीचा उजेड टाकून मधला ठोकळा पाहावा. उचलून पाहावी, चार तास गळ्यात अडकवावयाची आहे, ठोकळ्यामुळे तिला वजन असते. पट्ट्यांची टोके बोटास बोचू नयेत. जुळविलेली तार ओढून पुन्हा स्वरावर येते का पाहावे. वेटोळी जोडीची असावीत. सेथ लव्हर याने 1955 साली ही युक्ती गिब्सनसाठी काढली. दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडली की विजेची घरघर एकमेकींत विरते. मांडवात जनरेटर आणि रोषणाईच्या माळा शेजारीच असतात, तेव्हा हे आपल्याकडे अधिकच महत्त्वाचे.

बॅटरीच्या उजेडात आतली चिठ्ठी दिसली. पोराने ती वाचली. "चीनमध्ये बनविलेली. काका, तिथे युनियन असते का?" मी म्हटले, "असते; पण एकच, सरकारमान्य."

गिटार त्याने घेतली, पावणेदोन पगारांत. तारा मात्र गंजलेल्या होत्या, त्या त्याच दिवशी बदलाव्या लागल्या. त्याचे पैसे किमतीतून वजा व्हावयास हवे होते असे माझे मत आहे, आणि विकणाऱ्यास मी ते तेथेच सांगितले.